वनस्पतियुक्त मत्स्यालयातील कार्बन डायऑक्साइडचा सुरक्षित वापर

वनस्पतियुक्त मत्स्यालय म्हणजे ज्या काचेच्या टाकीत माशांबरोबरच जिवंत पाणवनस्पती मुद्दाम लावून जोपासल्या जातात, असे गोड्या पाण्याचे मत्स्यालय. अशा टाकीतील वनस्पतींची वाढ जोमाने व्हावी, म्हणून तिच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड हा वायू बाहेरून सोडण्याची पद्धत आहे. जुन्या मराठी पुस्तकांत याच वायूला कर्बवायू म्हटलेले आढळते. वनस्पतींना हा वायू अन्न म्हणून लागतो, माशांना मात्र तो उत्सर्जित करावा लागतो. एकाच पाण्यात या दोन परस्परविरोधी गरजा सांभाळणे, हा या विषयाचा गाभा आहे. नाजूक प्रकृतीच्या माशांच्या बाबतीत ही कसरत अधिक अवघड होते. मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरात, लहान सदनिकांमध्ये टाक्या ठेवल्या जात असल्याने तिला माणसांच्या सुरक्षिततेचीही बाजू आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत शोभेचे मासे पाळण्याचा छंद जुना आहे. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि अनेक पिढ्यांतील मुलांना माशांची पहिली ओळख तेथेच झाली. महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दुकाने आणि कुर्ल्याचा शोभेच्या माशांचा बाजार ही या छंदाची शहरातील प्रमुख केंद्रे होत. अंधेरीत वेसावे येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. बोरीवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत घरोघरी आढळणारी टाकी पूर्वी बहुधा प्लॅस्टिकच्या झाडांची, रंगीत खड्यांची आणि बुडबुडे सोडणाऱ्या खेळण्याची असे.

जिवंत वनस्पतींनी नटलेल्या टाकीची आजची कल्पना मुख्यतः जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्यामुळे जगभर पसरली. निगाता येथे १९८२ साली त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने तीव्र प्रकाश, पोषक माती आणि कार्बन डायऑक्साइड यांचा एकत्र वापर लोकप्रिय केला. जपानी व युरोपीय पुस्तकांतील सूचना थंड हवेच्या घरांना उद्देशून लिहिलेल्या असतात. त्या मुंबईत जशाच्या तशा पाळल्या, तर मे महिन्यात मासे दगावण्याची शक्यता असते. त्याचे कारण पुढे दिले आहे.

वनस्पतींना हा वायू का लागतो

प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा कार्बन जमिनीवरील वनस्पती हवेतून घेतात. पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ गतीने विसरण पावतो. त्यामुळे पानाभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातील वायू लवकर संपतो आणि नवा येण्यास वेळ लागतो. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण लिटरला जेमतेम ०.६ मिलिग्रॅम असते. नैसर्गिक ओढ्यांत झऱ्यांचे पाणी आणि कुजणारा पालापाचोळा यांमुळे ते बरेचदा याहून जास्त भरते. काचेच्या टाकीला असा पुरवठा नसतो.

सर्व पाणवनस्पतींची गरज सारखी नाही. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम या आपल्याकडच्या तळ्यांत सहज आढळणाऱ्या वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात. त्यामुळे वायू न सोडताही त्या फोफावतात. पाण्यातील मॉसवर्गीय वनस्पतींना ही सोय नाही. रोटाला मॅक्रँड्रासारख्या लालसर, भारतीय मूळ असलेल्या वनस्पती वायूवाचून खुरटतात. अनुबियस, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन या मंद वाढीच्या वनस्पती कमी प्रकाशात व वायूशिवाय टिकतात. क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस ही जाती तर कोकणातील ओढ्यांत निसर्गतःच उगवते. नाजूक मासे पाळणे हाच ज्याचा मुख्य हेतू आहे, त्याने या शेवटच्या गटातील वनस्पती निवडल्यास पुढील सर्व खटाटोप टळतो. हा पर्याय दुकानात क्वचितच सुचवला जातो.

माशांवर होणारा परिणाम

मासा आपल्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. रक्तातील प्रमाण पाण्यातील प्रमाणापेक्षा जास्त असते, तोवरच हे उत्सर्जन सुरळीत चालते. बाहेरच्या पाण्यात वायू वाढला, की हा उतार कमी होतो, वायू रक्तात साचतो आणि रक्त आम्लधर्मी होते. आम्लता वाढली की हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता घटते. यास बोर परिणाम म्हणतात. अनेक माशांत याखेरीज रूट परिणामही आढळतो. त्यात आम्लता वाढल्यावर पाण्यात भरपूर ऑक्सिजन असला तरी रक्त पूर्ण संपृक्त होऊ शकत नाही. म्हणजे श्वासासाठी लागणारा ऑक्सिजन भोवती असूनही मासा गुदमरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यातील ऑक्सिजनला बाहेर ढकलतो, असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नाही. हे दोन्ही वायू पाण्यात एकमेकांपासून स्वतंत्रपणे विरघळतात आणि एकाच वेळी दोन्हींचे प्रमाण उच्च असू शकते. भरपूर ऑक्सिजन असल्यास मासा थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड सहन करतो, परंतु ऑक्सिजन हा त्यावरचा उतारा नव्हे.

गुरामी आणि फायटर या माशांना चक्रव्यूहासारखे एक सहायक श्वसनेंद्रिय असते व ते पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. म्हणून ते वायूच्या बाबतीत सुरक्षित आहेत, असा समज आहे. हवेतून ते ऑक्सिजन मिळवतात खरे, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी त्यांनाही मुख्यतः कल्ल्यांवरच विसंबावे लागते. शिवाय टाकीचे झाकण घट्ट असेल, तर पाण्यातून निसटलेला जड वायू झाकणाखालीच साचून राहतो आणि हे मासे नेमकी तीच हवा घेतात.

नाजूक म्हणून गणल्या जाणाऱ्या माशांत दक्षिण अमेरिकेतील डिस्कस, रॅम सिक्लिड, कार्डिनल टेट्रा आणि ओटोसिंक्लस यांचा समावेश होतो. २००६ साली म्यानमारमध्ये आढळलेला गॅलॅक्सी रासबोरा हा इवलासा मासाही याच वर्गात मोडतो. यांपैकी डिस्कस व रॅम यांना २८ ते ३० अंश तापमान मानवते आणि नेमक्या याच तापमानाला पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. सह्याद्रीतील खळाळत्या ओढ्यांतील मासे, उदाहरणार्थ पुण्याहून प्रथम वर्णिला गेलेला इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी, वाहत्या व ऑक्सिजनयुक्त पाण्याला सरावलेले असतात. वायू सोडलेली संथ टाकी हे त्यांचे घर नव्हे. बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांतून मासे किंवा वनस्पती आणणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बेकायदेशीर आहे. अमानो कोळंबीसारखे कवचधारी जीव कात टाकण्याच्या काळात विशेष हळवे असतात आणि वायूच्या अतिरेकाला बहुधा माशांच्याही आधी बळी पडतात.

मोजमाप

वायूचे प्रमाण मिलिग्रॅम प्रति लिटर या एककात सांगतात. वनस्पतींसाठी ३० मिलिग्रॅम प्रति लिटर ही मात्रा छंदविषयक साहित्यात सर्रास दिलेली असते. बळकट माशांच्या टाकीत ती चालू शकते. नाजूक माशांच्या टाकीत १० ते २० मिलिग्रॅमच्या दरम्यान थांबणे शहाणपणाचे ठरते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्याशी तुलना केली, तर १० मिलिग्रॅम हीदेखील पंधरा पटींहून अधिक वाढ आहे आणि बहुतेक वनस्पतींना ती पुरते.

प्रमाण काढण्याची प्रचलित रीत पाण्याचा सामू आणि कार्बोनेट कठीणता यांच्या परस्परसंबंधावर आधारलेली आहे. कार्बोनेट कठीणता जर्मन अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात सुमारे १७.९ मिलिग्रॅम प्रति लिटर. कठीणतेला ३ ने गुणावे आणि त्या गुणाकारास १० च्या (७ − सामू) इतक्या घाताने पुन्हा गुणावे, म्हणजे वायूचे प्रमाण मिळते. कठीणता ४ अंश असताना सामू ७.० असेल तर वायू १२, ६.८ असेल तर सुमारे १९, ६.६ असेल तर सुमारे ३० आणि ६.४ असेल तर सुमारे ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर भरतो. सामू केवळ ०.२ ने उतरला की वायू दीडपटीहून अधिक होतो. बाजारातील रंगपट्ट्यांवरून ०.२ चा फरक ओळखणे डोळ्यांना जवळजवळ अशक्य असते. अपघातांचे एक मूळ येथे आहे.

या सूत्राचे गृहीतक असे, की पाण्यातील आम्लता फक्त कार्बन डायऑक्साइडमुळे आली आहे. टाकीत लाकडाचे ओंडके असतील, किंवा उपनगरांतील रस्त्यांच्या कडेला भरपूर मिळणारी देशी बदामाची वाळलेली पाने टाकली असतील, तर त्यांतील टॅनिनमुळेही सामू उतरतो आणि सूत्र वायूचे खोटे मोठे प्रमाण दाखवते. तयार पोषक मातीचे अनेक प्रकार कठीणता शोषून जवळपास शून्यावर आणतात. तेथे हे सूत्र निरुपयोगी होते. मुंबई महानगरपालिकेचे पाणी तलावांचे असल्याने सामान्यतः मृदू, म्हणजे शालेय पुस्तकांच्या भाषेत सुफेन, असते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी दुष्फेन असू शकते. ज्या सोसायटीत दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळले जाते, तेथे कठीणता महिन्यागणिक बदलते. म्हणून ती एकदा मोजून कायमची गृहीत धरू नये.

दुसरी रीत तुलनेची आहे. टाकीतील पेलाभर पाणी रात्रभर उघडे ठेवून त्यातील जादा वायू उडून जाऊ द्यावा आणि मग त्याचा सामू मोजावा. टाकीतील सामू त्याहून १.० ने कमी असेल, तर टाकीत पेल्याच्या दहापट वायू आहे, इतके निश्चित म्हणता येते. यालाच ३० मिलिग्रॅम म्हणण्याचा प्रघात आहे. त्यात पेल्यातील पाण्यात ३ मिलिग्रॅम वायू उरतो, असे धरलेले असते. मोकळ्या हवेत तो ०.६ च्या आसपास आणि माणसांनी भरलेल्या बंद खोलीत त्याच्या दुप्पट-अडीचपट असू शकतो. तेव्हा दहापट हे गुणोत्तर खरे असले, तरी ३० हा आकडा खरा असेलच असे नाही.

तिसरे साधन म्हणजे ड्रॉप चेकर ही काचेची छोटी कुपी. तिच्यात ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेले ४ अंश कठीणतेचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा दर्शक असतो. टाकीचे पाणी आत शिरत नाही, मधल्या हवेतून फक्त वायू शिरतो. त्यामुळे टॅनिनचा दोष येथे लागत नाही. निळा रंग वायू कमी असल्याचे, हिरवा रंग ३० च्या आसपास असल्याचे आणि पिवळा रंग अतिरेक झाल्याचे दाखवतो. नाजूक माशांच्या टाकीत रंग निळसर हिरवा राहणे इष्ट होय. या कुपीची उणीव म्हणजे तिची मंदगती. रंग बदलण्यास एक ते दोन तास लागतात. कुपी पिवळी दिसू लागते, तोवर मासे दोन तास त्रास सोसत असतात.

मिनिटाला किंवा सेकंदाला अमुक बुडबुडे हे माप नव्हेच. बुडबुड्याचा आकार उपकरणागणिक बदलतो. स्वतःच्या टाकीत काल किती वायू जात होता आणि आज किती जातो, एवढेच त्यावरून कळते.

वायूचे स्रोत

दाबाखालील नळकांडे, म्हणजे सिलिंडर, हा सर्वांत नियंत्रित स्रोत आहे. त्याला दाबनियंत्रक, बारीक प्रवाहासाठी नीडल व्हॉल्व्ह, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पाणी उलटे येऊ न देणारी एकमार्गी झडप आणि पाण्यात सूक्ष्म बुडबुडे सोडणारी चिनीमातीची चकती जोडलेली असते. सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज नसताना बंद राहणाऱ्या प्रकारचा घ्यावा. एकमार्गी झडप स्वस्त असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती निकामी झाली, तर टाकीचे पाणी नळीवाटे दाबनियंत्रकात उतरते.

यीस्टची पद्धत घरगुती आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत साखरेचे पाणी व चिमूटभर यीस्ट घातले, की किण्वन होऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. खर्च नगण्य, पण नियंत्रणही नगण्य. उकाड्यात किण्वनाचा वेग वाढतो, पहिल्या दिवसांत वायू जास्त येतो व नंतर ओसरतो, आणि रात्री तो बंद करता येत नाही. नळी चोंदली तर बाटली फुटू शकते. काचेची बाटली या कामी कधीही वापरू नये. नाजूक माशांसाठी ही पद्धत अयोग्य आहे.

सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचे सत्त्व, आणि खाण्याचा सोडा यांच्या अभिक्रियेवर चालणारे संच तिसऱ्या प्रकारात मोडतात. २०० ग्रॅम सोड्यापासून, पुरेसे आम्ल मिळाल्यास, सुमारे १०५ ग्रॅम वायू मिळतो. दाबमापक आणि सुरक्षा-झडप असलेला धातूचा संच यासाठी वापरतात.

‘द्रवरूप कार्बन’ या नावाने विकली जाणारी द्रव्ये बहुधा ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाचे पातळ द्रावण असतात. त्यांचा कार्बन डायऑक्साइडशी थेट संबंध नाही. मात्रा जास्त झाल्यास व्हॅलिस्नेरिया वितळते, कोळंबी व नाजूक मासे मरतात. हाताळताना त्वचा आणि डोळे जपावे लागतात.

उष्ण हवामानातील अडचणी

पाणी जितके गरम, तितके त्यात वायू कमी विरघळतात. समुद्रसपाटीला संपृक्त गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. मासा हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने तापमानाबरोबर त्याच्या शरीरातील क्रिया वेगावतात आणि ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते. मे महिन्यात बोरीवलीतील बंद घरात टाकीचे पाणी सहज ३० अंशांपलीकडे जाते. हिवाळ्यात बसवलेली वायूची मात्रा उन्हाळ्यात तशीच ठेवली, तर फेब्रुवारीत निरोगी असलेली टाकी मे महिन्यात धापा टाकू लागते. मार्चपासून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. पाण्यावर पंखा सोडून बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरवता येते, पण मुंबईच्या दमट हवेत हा लाभ पुण्या-नाशिकाच्या मानाने तोकडा पडतो.

दुसरी अडचण विजेची. वीज गेली की सोलेनॉइड वायू बंद करतो, पण त्याचबरोबर गाळणयंत्र आणि पाण्याची हालचालही थांबते. टाकीत आधीच विरघळलेला वायू बाहेर पडण्याचा मार्ग मंदावतो आणि अंधारात वनस्पतीही ऑक्सिजन वापरू लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशातील वीजपुरवठा अचानक कोलमडला व तो टप्प्याटप्प्याने पूर्ववत होण्यास काही तास लागले. मुंबईत वीज जात नाही या भरवशावर राहणे योग्य नव्हे, याची ती आठवण होती. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा लहान हवापंप फार महाग नसतो आणि अशा वेळी तोच टाकी वाचवतो.

दैनंदिन व्यवस्थापन

वायू दिवे लागण्याच्या एक ते दोन तास आधी सुरू करावा आणि दिवे मालवण्याच्या सुमारे तासभर आधी बंद करावा. अंधारात वनस्पती प्रकाशसंश्लेषण करीत नाहीत, श्वसन मात्र करतात. त्या वेळी सोडलेला वायू पूर्णपणे माशांच्या माथी येतो. रात्रभर हवापंप चालू ठेवल्यास साचलेला वायू निघून जातो. पृष्ठभागावर कायम मंद लहरी असाव्यात. लहरींमुळे वायू वाया जातो, म्हणून काही जण पाणी आरशासारखे स्थिर ठेवतात. वाया जाणाऱ्या वायूची किंमत दगावलेल्या माशांपुढे काहीच नाही. पाण्यावर साचणारा तेलकट पापुद्राही वायूंची देवाणघेवाण अडवतो, तो वेळोवेळी काढावा.

नवी टाकी प्रथम माशांविना काही आठवडे चालवावी आणि वायूची मात्रा याच काळात बसवावी. मासे आल्यानंतर मात्रा वाढवायची झाल्यास ती सुटीच्या दिवशी सकाळी, अगदी थोडी, आणि दिवसभर घरी थांबून वाढवावी. सकाळी झडप फिरवून कामावर जाणे आणि संध्याकाळी परतल्यावर मासे तळाशी पाहणे, असा अनुभव अनेकांना येतो. झडप फिरवल्यानंतर टाकीतील प्रमाण स्थिरावण्यास काही तास लागतात, हे त्यामागचे कारण होय.

कुर्ल्याहून पिशवीतून आणलेल्या माशांच्या पाण्यात प्रवासात त्यांच्याच श्वसनाने कार्बन डायऑक्साइड व अमोनिया साचलेले असतात. मासे आधीच शिणलेले असतात. त्यांना टाकीत सोडण्याच्या दिवशी वायू बंद ठेवावा आणि पुढील काही दिवसांत पूर्वीच्या मात्रेवर यावे.

सामूवर चालणारे स्वयंचलित नियंत्रक सोयीचे असले, तरी त्यांचा संवेदक कालांतराने चुकीचे आकडे दाखवू लागतो. ठरावीक काळाने तो प्रमाण द्रावणात तपासला नाही, तर यंत्र पूर्ण आज्ञाधारकपणे टाकीत वायू ओतत राहते.

विषबाधेची लक्षणे आणि तातडीचे उपाय

पहिले लक्षण म्हणजे कल्ल्यांची झाकणे जलद हलणे. त्यानंतर मासे पृष्ठभागाशी किंवा गाळणयंत्राच्या धारेजवळ गोळा होतात, अन्नाकडे पाहत नाहीत, रंग फिका पडतो. कोळंबी चरणे थांबवून निश्चल बसते किंवा सैरावैरा पोहते. पुढच्या अवस्थेत मासे तोल जाऊन कुशीवर पडतात. ही लक्षणे अमोनियाच्या विषबाधेशी मिळतीजुळती आहेत. त्रास रोज दुपारनंतर वाढून सकाळी ओसरत असेल, तर दोष वायूचा असण्याची शक्यता अधिक.

अशा वेळी सर्वप्रथम वायू बंद करावा. हवापंप पूर्ण जोरात सुरू करावा, गाळणयंत्राची धार पाण्याच्या वर आणावी आणि झाकण उघडावे. मासे कोलमडले असल्यास क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने टाकीतील तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. सामू उतरला आहे म्हणून घाईने खाण्याचा सोडा टाकू नये. आम्लधर्मी पाण्यातील अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. सामू एकदम चढला की तो विषारी रूप घेतो, आणि एका संकटातून वाचलेला मासा दुसऱ्यात सापडतो. वेळीच लक्षात आल्यास मासे बहुधा तासाभरात सावरतात.

सिलिंडर आणि घरातील माणसे

शंभर लिटरच्या टाकीत २० मिलिग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात विरघळलेला वायू वजनाने फक्त २ ग्रॅम असतो. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये त्याच्या हजारपट वायू असतो. झडप अडकल्यास काय होऊ शकते, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळजवळ स्थिर, २५ अंशांना सुमारे ६४ बार, राहतो. त्यामुळे दाबमापकावरून किती वायू उरला ते कळत नाही. ते वजनावरूनच कळते. द्रव संपला की दाब उतरू लागतो आणि एकपदरी दाबनियंत्रकात बाहेरचा दाब उलट वाढतो. परिणामी रिकामा होत आलेला सिलिंडर अखेरच्या काळात टाकीत जादा वायू ढकलू शकतो. द्विस्तरीय दाबनियंत्रक हा दोष टाळतो. ते शक्य नसल्यास काटा उतरू लागताच सिलिंडर बदलावा.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश आहे. त्यावर तो द्रव म्हणून राहत नाही आणि तापमानाबरोबर दाब झपाट्याने चढतो. उन्हात तापणारी बाल्कनी किंवा पत्र्याखालचा माळा ही सिलिंडरची जागा नव्हे. क्षमतेपेक्षा जास्त भरलेला सिलिंडर अशा ठिकाणी धोकादायक ठरतो. भारतात सिलिंडरांची निर्मिती, भरणे आणि चाचणी यांचे नियमन गॅस सिलिंडर्स नियम, २०१६ अन्वये होते. अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. भरून घेताना चाचणीची तारीख सिलिंडरवर कोरलेली आहे ना, ते पाहावे. गॅसचे सिलिंडर लोकल गाडीतून नेण्यास मनाई आहे.

हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असून त्याला रंग नाही आणि सावध करील असा वासही नाही. २१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून निसटलेल्या कार्बन डायऑक्साइडने सुमारे १,७०० माणसांचा बळी घेतला. घरगुती प्रमाण अर्थातच क्षुल्लक आहे, तरी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो वायू खोलीच्या तापमानाला सुमारे ०.५५ घनमीटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच खोलीचे आकारमान सुमारे २५ घनमीटर भरते. दारे-खिडक्या बंद असताना दोन किलोचा सिलिंडर तेथे पूर्ण गळला, तर हवेतील वायूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर जाते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य मर्यादा ०.५ टक्के आहे आणि ४ टक्के हे प्रमाण जीवितास तत्काळ धोकादायक मानले जाते. जमिनीलगत, जेथे गादी घालून मुले किंवा वृद्ध झोपतात, तेथे ते अधिक असू शकते. वातानुकूलनासाठी बंद ठेवलेली झोपण्याची खोली हे सिलिंडरसाठी सर्वांत वाईट ठिकाण आहे. मुंबईच्या एका खोलीच्या घरात दुसरी जागा नसेल, तर लहान सिलिंडर वापरावा, रात्री त्याची मुख्य झडप हाताने बंद करावी आणि एक खिडकी किलकिली ठेवावी.

सिलिंडर नेहमी उभा ठेवून पट्ट्याने किंवा साखळीने भिंतीला बांधावा. आडवा ठेवल्यास द्रव दाबनियंत्रकात शिरतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास गळती बुडबुड्यांवरून दिसते. नवा सिलिंडर जोडल्यावर ही तपासणी प्रत्येक वेळी करावी. टाकीखालच्या बंद कपाटात सिलिंडर ठेवल्यास कपाटाला खालच्या बाजूने झरोके असावेत. खोलीत अकारण डोके दुखू लागले, धाप लागली, तर आधी बाहेर पडून दारे-खिडक्या उघडाव्यात. गळती कुठे आहे ते नंतर शोधावे.

हे सुद्धा पहा

मत्स्यालय
प्रकाशसंश्लेषण
कार्बन डायऑक्साइड
सामू
तुळशी तलाव